पोत्याला हात नसतात

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही विचारायला आले नाही, कारण जे विचारायचं होतं त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असंच मी धरून चालले होते. मी बारा वर्षांची असताना आसगावला आजोबांच्या विहिरीत तुम्ही मला दोराला बांधून सोडलं. अर्ध्यावर मी भिंतीतलं मूळ धरून लटकले, आणि तुम्ही वरून ओरडलात, "सोड! हात सोड म्हनतो ना!" विहिरीत लटकलेल्या पोरीला हात सोड म्हणणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. तुम्ही तसं काहून म्हणालात? उत्तर ठाऊक आहे असं वाटत होतं: माणूस कडक होता, चिडला, ओरडला. पण गेल्या दोन महिन्यांत या उत्तराला भेगा पडल्या आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात खडकापासून करावी लागेल. सानगडीच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथे, पाण्याने भरलेल्या एका बोडीच्या काठावर एक काळा खडक उभा आहे. उंची चार पुरुष असेल. मागच्या बाजूने बकरीसुद्धा चालत वर जाते, पुढची बाजू मात्र सरळ आहे. मी त्या सरळ बाजूने चढते. आता तुम्ही विचाराल, मागून रस्ता असताना पुढून कायले? हा प्रश्न मला तुमच्या जावयांनी विचारला आहे, त्यांच्या बहिणीने विचारला आहे आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी लेखी विचारायचं तेवढं बाकी ठेवलं आहे.  कॉलेजला नागपूरला असताना दोन वर्षं हे शिकले होते, तुम्हाला न सांगता. मग लग्न, नोकरी, वर्तमानपत्रातलं तिरकस सदर. आठवड्याला एकदा लोकांचे पाय ओढायचे, की स्वतःचे पाय जमिनीवर आहेत असं वाटतं. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा खडकाला हात लावला आणि लक्षात आलं, की या एका ठिकाणी माझी जीभ काही उपयोगाची नाही. खडकाला टोमणा लागत नाही. ते फार बरं वाटलं.

या खेळात एक चढतो आणि दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर धरतो. चढणारा निसटला तर धरणाऱ्याने आवळायचं. सहा वर्षं माझा दोर माझ्या एका मैत्रिणीने धरला. बँकेत काउंटरवर बसायची, त्यामुळे समोरच्याने कितीही आरडाओरडा केला तरी शांत राहायची तिला सवय होती. गेल्या वर्षी ती मुलीकडे बंगळूरला गेली, माझा दोर सोडून नातू धरला. मग मी तुमच्या जावयांना उभं केलं. माणूस चांगला आहे हे तुम्हीच पारखून घेतलं होतं, पण दोर धरायला नुसता चांगुलपणा पुरत नाही. मी दोन पुरुष वर, दोर खाली पोटाशी लोंबतोय. मी ओरडले, "ढील आवरा!" तर हे एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने फोन धरून म्हणतात, "आवरतो, आवरतो, एक मिनिट थांब, साहेबांचा फोन आहे." थांब म्हणे! मी काय चौकात रिक्षासाठी उभी होते? घरी आल्यावर मी जे बोलायचं ते बोलले. त्यावर ते म्हणाले, "तुले पडायचंच आहे तर घरी स्टुलावरून पड ना. मी चहा करता करता पकडतो."

तेव्हा ठरवलं, आपला दोर आपणच धरायचा. असं करतात, बाबा. मागच्या बाजूने चालत वर जायचं, वर दोन झाडांना आणि एका दगडाला मिळून दोर पक्का बांधायचा, तो पुढच्या बाजूने खाली सोडायचा, आणि कमरेच्या पट्ट्याला एक लोखंडी खेकडा लावून तो दोरावर बसवायचा. त्याचं बाजारातलं नाव मोठं आहे, मी त्याला पकड म्हणते. आपण वर चढलो की पकड दोरावरून वर सरकते. आपण निसटून खाली ओढले गेलो, की तिचा जबडा दोराला चावतो. खाली कोणी माणूस नको, कोणाचे साहेब नकोत. मागवली तेव्हा सोबत माहितीची घडी आली. अकरा भाषा, त्यात आपली नाही. पण प्रत्येक चुकीच्या वापराच्या चित्राशेजारी एक कवटी छापलेली. मी कवट्या मोजल्या, चौदा. जावई चष्मा लावून म्हणाले, "भाषा समजली नाही, पण भाव पोचला."

इथे मला तुमची आठवण झाली, कारण कवट्यांपेक्षा तुमचा नियम जुना होता. तुम्ही कारखान्यात खलाशी. अवजड यंत्रं साखळीने, दोराने उचलायची आणि पोरीला पाळण्यात ठेवावं तशी जागेवर ठेवायची हे तुमचं काम. भार देण्याआधी प्रत्येक दोराला तुम्ही वाळूचं पोतं लटकवत होता. घरीसुद्धा! जवाहरनगरच्या क्वार्टरमागे चिंचेला मी मैत्रिणींसाठी झुला बांधला होता. तुम्ही फॅक्टरीच्या बसमधून उतरलात, डबाही खाली न ठेवता झुल्याजवळ आलात आणि विचारलंत, "पोतं टांगलं होतं का?" मी म्हटलं, नाही, पण पक्का आहे असं वाटलं. "वाटलं?" तुम्ही म्हणालात. "वाटनं घरात ठेव. आंदी पोतं, मंग मानूस. मले विचारू नोको पक्का हाय का म्हनून, दोराले विचार." मग मैत्रिणींच्या समोर मला वाळू भरायला लावली, दहा वेळा पोतं सोडायला लावलं. झुला टिकला. मैत्रिणी टिकल्या नाहीत, कंटाळून गेल्या. माझ्या लग्नातही तुम्ही भांड्यांबरोबर वीस हात दोर दिलात, स्वतः पीळ तपासून, टोकं बांधून. सासरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दोराने नंतर तीन घरांचं सामान हललं, ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही, माझ्याही फारसं नाही.

तर मी पोतं टांगायचं ठरवलं. रविवारी सकाळी गाडीत रिकामं पोतं, दोन दोर आणि पकड टाकून सानगडीला गेले. बोडीच्या काठची रेती भरली. खडकाच्या खाली ज्यांची धानाची बांधी आहे ते म्हातारबा आणि त्यांची बायको मेढीच्या खांबाला टेकून बसले होते. आतापर्यंत ते मला दुरून पाहायचे. त्या दिवशी मी त्यांच्याकडे वजनाचा काटा मागितल्यावर जवळ आले. म्हातारबांचा चेहरा उतरलेला. "बाई," ते म्हणाले, "खरं सांगा. खदानीचं माप घ्याले आल्या ना तुमी? हा खडक फोडून रायले का?" मी म्हटलं, नाही हो काका, मी त्यावर चढते. "ते तं दिसते. पन कायले?"  त्यावर काकू म्हणाल्या, "अवं, शहरातल्या बायका हायेत. घरी जिना असन, पन त्याले लिफ्ट लागली असन. मंग चढाव कुठी?" इतकं चोख निदान मला डॉक्टरांनीही दिलं नव्हतं.

पोतं माझ्या वजनाइतकं भरलं. किती, ते इथे लिहिणार नाही, तुम्ही गेल्यानंतर त्यात वाढ झाली आहे. पोत्याला पट्टा बांधला, पकड लावली, दोरावर बसवली, म्हातारबांच्या मदतीने दुसऱ्या दोराने हातभर वर ओढलं आणि सोडलं. पकड चावली. पुन्हा सोडलं. चावली. दहा वेळा सोडलं; दर वेळी एक वीतभर घसरून पोतं थांबे आणि शांतपणे गोल फिरत राही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पन्नाशीत एवढं बिनचूक काही माझ्या हातून घडलं नव्हतं. म्हातारबाही मान डोलवत होते. काकू मात्र तंबाखू मळता मळता म्हणाल्या, "बाई, पोतं तं मुक्यानं पडलं. तुमी मुक्यानं पडान का?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हनजे का," त्या म्हणाल्या, "पोत्याले हात नाई. आमचे हे मोहावरून पडले होते, त्या साली. खाली मऊ पालापाचोळा होता, नुसते पडले असते तं कपडे झटकून उठले असते. पन पडता पडता यायनं फांदी धरली. खांदा निखळला. अजून हात वर होत नाई. पडनारा मानूस पयले धरते. जे भेटन ते धरते."

"फांदी मजबूत होती," म्हातारबा म्हणाले.

"म्हनून तं खांदा गेला," काकू म्हणाल्या.

घरी येताना साकोलीपर्यंत मी गाडीत त्या एका गोष्टीवर विचार करत होते. पकडीचा जबडा चावतो, हे खरं. पण पडताना कोणी पकडच मुठीत आवळून धरली, तर जबडा उघडाच राहतो. कवट्यांची घडी पुन्हा काढून पाहिली. होती! नवव्या क्रमांकाची कवटी तीच होती, मुठीतली पकड. मी ती मोजली होती, वाचली नव्हती. आणि तुमचा नियम, ज्याच्या जिवावर मी एवढी निश्चिंत झाले होते, तो या एका जागी अपुरा होता. तुम्ही आयुष्यभर यंत्रं उचललीत. यंत्र घाबरत नाही. पोतं दोराची परीक्षा घेतं, माणसाची घेत नाही.

मग मी पुढच्या रविवारी स्वतःलाच पोतं केलं. मूर्खपणा नको म्हणून शेजारी दुसरा दोर सोडला, त्याला दीड-दीड हातावर गाठींचे फास केले आणि चढता चढता एकेक फास पट्ट्याला अडकवत गेले. गाठीला तुम्ही कितीही मिठी मारा, ती उघडत नाही. जमिनीपासून पुरुषभर वर गेले, दुसरा दोर नीट अडकवला आहे हे तीनदा पाहिलं, आणि स्वतःला सांगितलं: आता हात काढून पड, काहीही धरू नकोस. पडले. आणि उजवा हात? तो माझ्या परवानगीशिवाय गेला आणि पकडीवर बसला. खालच्या फासाने मला झेललं. मी वहीत टिपण केलं: एक, धरलं. पुन्हा चढले. दोन, धरलं. तीन, धरलं. बारा वेळा पडले, त्यात नऊ वेळा हात जाऊन बसला, आणि उरलेल्या तीन वेळांबद्दल माझी खात्री नाही, कारण डोळे मिटले होते. पन्नास वर्षं हे हात माझ्या ताब्यात आहेत अशा समजुतीत मी जगत होते, बाबा. सह्या मी करते, पोळ्या मी लाटते, लोकांच्या अब्रूवर मी लिहिते. आणि पुरुषभर उंचीवरून पडायचं म्हटलं तर हे दोघे मला विचारतसुद्धा नाहीत. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला भलतंच कुतूहल वाटलं. आपल्याच घरात कोणी अनोळखी राहतंय असं कळल्यासारखं.

उपाय काकूंनीच काढला. "त्यायले काई तरी काम द्या," त्या म्हणाल्या, "रिकामे हात वांधे करतात." मी हातात काठी धरून पाहिली; ती कपाळावर लागली. मुठी आवळून पाहिल्या, उघडल्या. शेवटी ठरवलं, पडताक्षणी टाळी वाजवायची. हसू नका. पडायला लागायचं आणि टाळी! हात एकमेकांत गुंतले की तिसरीकडे जात नाहीत. पहिल्या दिवशी दहातल्या चार टाळ्या लागल्या, दुसऱ्या रविवारी सात, तिसऱ्या रविवारी नऊ. तेव्हा सानगडीच्या त्या खडकावर एक पोक्त बाई वर चढते आहे, टाळी वाजवून पडते आहे, खाली म्हातारा-म्हातारी मोठ्याने मोजताहेत आणि बोडीतल्या म्हशी रवंथ थांबवून पाहताहेत, असा तो देखावा होता. काका काकूंना म्हणाले, "आरती झाली का?" काकू म्हणाल्या, "नाई जी, अजून परसाद रायला."

आता मुद्द्यावर येते. चौथ्या रविवारी मी सगळी तयारी करून पूर्ण खडक एकटीने चढायला निघाले. दोर ताठ राहावा म्हणून त्याच्या खालच्या टोकाला पाण्याचा डबा टांगला होता. दोर ताठ असला तरच पकड आपसूक वर सरकते. तीन पुरुष वर गेले आणि उजव्या पायाखालची खपली निघाली. पाय गेला. टाळी कसली वाजते? मी धरलं. पण पकड नाही, बाबा, खडक धरला. एका आडव्या चिरेत डाव्या हाताची बोटं रुतवली आणि लटकले. आनंद झाला, धरलं! वाचले! मग खाली पाहिलं. खालचा डबा झुडपात अडकला होता, दोर ढिला पडला होता, आणि माझ्या पट्ट्यापासून दोराचा एक मोठा झोळ लोंबत होता, हातभर. म्हणजे पकड दोरावरून वर सरकलीच नव्हती, ढिला दोरच सोबत ओढत आली होती. त्या क्षणी निसटले असते तर हातभर पडले असते. बरं, मी काय करायला हवं होतं? मी काय करत होते ते सांगते. मी उजवा हात वर टाकून आणखी वर सरकायला बघत होते, दुसऱ्या दोराचा पुढचा फास अडकवायचंही भान नव्हतं. दोर ढिला, जीव घाबरलेला, अशा वेळी अंगाला एकच कळतं: वर चढ. आणि एकेक वीत वर गेले की तो झोळ एकेक वीत मोठा होत होता. मी हे पाहिलं. स्वच्छ दिसलं. जितकी वर जाईन तितकी जास्त पडेन. आत्ता सोडलं तर हातभर. नंतर सुटलं तर दोन हात, तीन हात. आत्ताच सोडायला हवं. आणि माझ्याच तोंडून, वरून कोणी ओरडावं तसं बाहेर पडलं, "सोड! हात सोड म्हनतो ना!"

सोडला. हातभर पडले, पकड चावली, दुसरा दोरही ताणला, पट्टा कमरेत रुतला आणि मी पोत्यासारखी गोल फिरत राहिले. खालून काकूंचा आवाज आला, "बाई, जित्या हाव का?" हाव म्हटलं. मग तिथेच लोंबकळत मला आसगावची विहीर सगळी आठवली, पहिल्यांदा नीट, तुमच्या बाजूने.

मे महिना होता. विहिरीला कमरेएवढं पाणी. आजीची पितळी कळशी पडली होती, गळ टाकून पाहिले तर ती कपारीत अडकलेली, निघेना. काका-आजोबा सगळे एका लग्नाला गेले होते, घरी तुम्ही, आई, आजी, आणि त्या दोघी आत चुलीपाशी. मी हलकी म्हणून मीच हट्ट केला. तुम्ही आधी रेतीचं पोतं सोडलंत, तीनदा. मग काखेतून दोर बांधून मला. दोराचे तीन वेढे काठच्या दगडी खांबाला दिले होते आणि तुम्ही एकटे दोर सोडत होता. पोतं मुकाट खाली गेलं होतं. मी मुकाट गेले नाही. अर्ध्यावर गार हवा लागली, खाली काळं पाणी दिसलं, आणि भिंतीतून आलेलं पिंपळाचं मूळ मी धरलं. एवढंच मला आठवत होतं. पण त्यानंतर मी काय केलं ते आता आठवलं: मी मूळ धरून वर चढायला लागले. तुमच्याकडे. एक हात, दुसरा हात. दोर माझ्या पाठीमागे सैल पडत गेला असणार, आणि तुम्हाला वरून तो दिसत असणार. मला फक्त तुम्ही दिसत होता. तुम्हाला ढील दिसत होती.

तरी एक शंका राहिली, मी वकिलासारखी शंका काढते हे तुम्हाला माहीत आहे. ढील दिसत होती तर तुम्ही ती ओढून का घेतली नाहीत? हे तपासायला मी म्हातारबांच्या गोठ्यातल्या खांबाला त्यांच्या विहिरीचा काथ्याचा दोर भिजवून तीन वेढे दिले आणि एकटीने उलटा ओढून पाहिला. सोडताना अलगद जातो. परत घेताना येत नाही. ओला काथ्या वेढ्यांत फुगून बसतो. घ्यायचा तर एक हात काढून वेढे सैल करावे लागतात, आणि तेवढ्यात भार आला तर सगळंच गेलं. दोन माणसं असती तर जमलं असतं. म्हातारबांनी दुसरं टोक धरल्यावर मला लगेच जमलं. तुमच्याजवळ दुसरं माणूस नव्हतं. तुम्हाला हात काढता येत नव्हता, म्हणून तुम्ही मला काढायला सांगत होता.

मी सोडलं नाही. आणखी दोन हात चढले आणि मूळ उपटलं. पडले, दोराने झटका दिला, काखेत वळ उठले ते महिनाभर होते. तुम्ही मला खाली सोडलंत, मी रडत कळशी काढली, वर आले. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "सोड म्हटलं तं सोडाव लागते," आणि गोठ्यामागे निघून गेलात. थोड्या वेळाने आई वाटीत हळद-तेल घेऊन तिकडे गेली. मी दारातून पाहिलं होतं, तुम्ही दोन्ही तळहात उताणे करून मांडीवर ठेवले होते आणि ती त्यावर बोटाने हळद लावत होती. मी विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं.

चौदा वर्षांनी मी नागपूरच्या पेपरच्या रविवार पुरवणीत त्या विहिरीवर लेख लिहिला. तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या बसमध्ये कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला होता. विनोदी लेख होता, कडक बापाचा. त्यात बाप काठावर उभा राहून पोरीला म्हणतो, "दोर तुटला तं दुसरा आनू, कळशी मात्र घेऊनच ये." माझं नाव त्या एका वाक्यामुळे झालं. नंतर तुम्ही निवृत्त होईपर्यंत बसमध्ये लोक तुम्हाला विचारत राहिले, "का जी, कळशी आनली का?" आईने त्या संध्याकाळी माझ्यासमोर तुम्हाला विचारलं होतं, "खरंच असं म्हनले होते का तुमी?" तुम्ही सुपारी कातरत होता. म्हणालात, "म्हनलो असन." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "दोर ढिला झालता तवा." मला वाटलं, म्हातारा दोराला दोष देतोय.

तुम्ही तसं म्हणाला नव्हता, बाबा. ते वाक्य मी रचलं होतं, आणि हे तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. हे पत्र मी कुठे टाकणार? पण लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहिते. खडकावरून उतरल्यानंतर, खांबाचा प्रयोग करून झाल्यानंतर, गेल्या आठवड्यात भंडाऱ्याला एका कार्यक्रमात मला बोलावलं होतं आणि लोकांनी त्याच लेखाचा आग्रह धरला. ते वाक्य वगळायचं असं मी घरूनच ठरवून गेले होते. कागदावर त्यावर रेघही मारून नेली होती. वाचता वाचता ती जागा आली. मी ते वाक्य वाचलं. सभागृह खदखदून हसलं, आणि मला बरं वाटलं.